बिनराखणीची आच

रविवारी सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जालन्याच्या कुठल्याही गल्लीतून चालत जावे. घराघरांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात आणि जाणत्याला त्या मोजून आत काय शिजते आहे ते सांगता येते. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद झाला तर वरण-भात. पाचवीनंतर आच बारीक करून कुकर तसाच ठेवला तर बोकड. या गलबल्यात आता एक मुकी वस्तू येऊन बसली आहे. बाहेरून पत्र्याचे कवच, आत जाडजूड चिनी मातीचे भांडे, वर काचेचे झाकण आणि पुढे 'लो', 'हाय', 'वॉर्म' एवढेच लिहिलेले एक बटण. हिला शिट्टी नाही, ज्योत नाही. सकाळी मटण घालायचे आणि संध्याकाळपर्यंत तिकडे फिरकायचे नाही. हा स्लो कुकर घरात आणतो तो बहुधा रविवारचा हौशी स्वयंपाकी, आणि त्याच्याकडे संशयाने बघते ती रोजचा स्वयंपाक करणारी. माझ्या मते तिचा संशय जवळजवळ सगळा खरा आहे, फक्त त्यातून ती काढते तो निष्कर्ष चुकतो. हे नीट मांडायचे तर दोन पाट हवेत. एकावर मी बसतो, दुसरा वहिनींचा. या वहिनी म्हणजे कोणी एक बाई नव्हे. नोकरी सांभाळून दोन वेळचे चार माणसांचे जेवण करणारी कोणीही. त्यांचे आक्षेप मी मुद्दाम बोथट केलेले नाहीत. करून भागलेही नसते.

वहिनी : हे बघा भाऊजी, जे अर्ध्या तासात शिजतं त्याला आठ तास कशाला लावायचे, हे आधी सांगा. आणि त्यावर ते आजीच्या हातची चव, चुलीवरची मंद आच, जुन्या बायकांचा धीर, असलं काही ऐकवू नका. चुलीपुढं डोळे लाल करून बसलेल्या बाईला विचारलं असतं तर तिनं पहिल्या दिवशी कुकर घेतला असता. घेतलाच की! तुम्हाला जे जुनं वाटतं ते आमच्या सासवांनी हौसेनं सोडलंय.

मी : आजीची मंद आच ही निदान जालन्यापुरती तरी बरीचशी कल्पित गोष्ट आहे, हे मी आधीच कबूल करतो. आच कशी आहे हे सरपण ठरवते, स्वयंपाकीण नव्हे. हा कापसाचा, तुरीचा आणि बेभरवशाच्या पावसाचा मुलूख. अंबड-घनसावंगीपासून भोकरदन-जाफराबादपर्यंत चुलीत जळत आल्या त्या पऱ्हाट्या आणि तुराट्या. पऱ्हाटी भडकन पेटते, लखलखीत जळते आणि निखारा न धरता राख होते. तिच्या झळीवर भाकरी टम्म फुगते, पण आठ तासांचे मटण होत नाही. गोवरी धुमसत राहते, बाभळीचा निखारा टिकतो, हे खरे. पण गोवरी म्हणजे शेतातून वजा केलेले खत आणि बाभूळ काही दर रविवारी तोडायची नसते. म्हणून आपल्याकडच्या घरगुती मटणाच्या साऱ्या युक्त्या वेळ वाचवण्याच्या आहेत. मसाल्यात कच्च्या पपईचा तुकडा वाटतात, कोणी पातेल्यात सुपारीचे खांड टाकतात. पपईतले पपेन मांसातली प्रथिने तोडते, यात शंका नाही. सुपारीचे मला अजून पटलेले नाही. सगळ्यांत सुंदर युक्ती पातेल्यावरच्या ताटात पाणी ठेवण्याची. खालची वाफ त्या गार ताटाला लागून पुन्हा आत ठिबकते, आणि वर तापलेले तेच पाणी आधण म्हणून रश्शात जाते. सरपणही वाचते आणि पाणीही, आणि ज्या जिल्ह्याने २०१२-१३ चा दुष्काळ पाहिला त्याला पाण्याचे मोल सांगायला नको.

खरी मंद आच मराठवाड्यात होती, पण ती घराबाहेर होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यातली नहारी, हलीम, पाया, शेजारच्या छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया ही सगळी भट्टीवरची, देगीतली खाणी. नहारी या शब्दातच सकाळ आहे. रात्री चढवायची आणि उजाडताना वाढायची. हैदराबादी हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही लाकडाच्या भट्टीवर तासन् तास शिजवून घोटण्याच्या पद्धतीसकट. गावाकडे कंदुरी असली की मोठ्या चुलाणांवर पातेली चढतात, आणि मोठ्या पातेल्याची गोष्टच वेगळी: खालचा विस्तव ओढून घेतला तरी आतले मटण बराच वेळ रटरटत राहते. म्हणजे मंद आचेला दोन गोष्टी लागत आल्या, मोठे भांडे आणि रात्रभर जागणारा माणूस. घराला दोन्ही परवडत नव्हते. गंमत अशी, की ज्या यंत्राबद्दल आपण बोलतो आहोत त्याचा जन्मही असल्याच अडचणीतून झाला. शिकागोच्या आयर्व्हिंग नॅक्सन यांनी १९४० मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्यांच्या आईचे बालपण लिथुआनियातले. शनिवारी शब्बाथ, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. म्हणून तिथली ज्यू घरे शुक्रवारी संध्याकाळी कडधान्यांचे, जवाचे आणि मांसाचे भांडे गावच्या बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवत. सांगायचे एवढेच, की त्यांचीही भट्टी घराबाहेरच होती. आणि आपल्याकडे इंदुमाधव मल्लिक या कलकत्त्याच्या डॉक्टरांनी १९१० मध्ये इकमिक कुकर केला होता: एकावर एक डबे, तळाशी थोडा कोळसा, झाकण लावून कामाला निघून जायचे. तेव्हा हे भांडे आजीची चव परत आणते असे मी म्हणत नाही. आजीकडे जे कधीच नव्हते ते ते आणते, असे म्हणतो.

वहिनी : बरं, भट्टी घरात आली असं धरू. पण भट्टीचं काम माझा कुकर करतोच की. पाया पण होतो त्यात, तासाभरात होतो. आत काय जादू असते ते मला माहीत नाही, पण हाड सुटून येतं, रस्सा चिकट होतो. मग आठ तासांत वेगळं काय होतं? आणि गॅस किती, वीज किती, तेही सांगा.

मी : खर्चाचे आधी उरकतो. दोनशे वॉटचे भांडे आठ तास चालले तर १.६ युनिट जळते. आहे त्या दरात ते जड नाही, पण कुकरच्या अर्ध्या तासाच्या गॅसपुढे ते स्वस्तही नाही. इथे तुम्ही जिंकलात. पायाच्या बाबतीतही तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. देनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनला पहिले दाबाचे भांडे दाखवले ते भाताकरता नव्हेच, हाडे मऊ करण्याकरता. भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टीज दोन्ही १९५९ पासूनचे. आपण त्यात डाळ घातली, पण मूळ काम हाडांचे. आत जादू नाही, ताप आहे. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांपुढे जात नाही, कुकरमध्ये दाबामुळे ते १२० च्या आसपास जाते. मांसाच्या तंतूंना बांधून ठेवणारे, कंडरांत आणि हाडांच्या टोकांशी दाटलेले कोलॅजन साधारण सत्तर अंशांपुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होऊ लागते. उकळीच्या जरा खाली या कामाला काही तास लागतात, १२० ला ते मिनिटांत होते. तुमच्या रश्शाचा चिकटपणा म्हणजे हेच जिलेटिन.

आता फरक कुठे पडतो ते बघू. हौशी मंडळी सांगतात की मंद आचेवर मांसाचा रस आतच राहतो. हे चूक आहे. साठ-पासष्ट अंशांना तंतू आकसतात आणि पाणी बाहेर टाकतात. स्लो कुकर शेवटी नव्वदीत जातोच, तेव्हा पाणी तिथेही सुटते. 'लो' म्हणजे कमी ताप हाही असाच गैरसमज. बहुतेक भांड्यांत 'लो' आणि 'हाय' शेवटी जवळपास एकाच तापाला पोचतात, एक उशिरा आणि एक लवकर. खरा लाभ दुसरा आहे. कुकरमध्ये 'अजून कच्चे' आणि 'चोथा झाला' यांच्यामध्ये थोडीच मिनिटे असतात, आणि झाकण बंद असल्यामुळे ती दिसत नाहीत. म्हणून आपण शिट्ट्या मोजतो. शिट्टी म्हणजे अंधारात टाकलेले पाऊल. मऊ भाग आणि चिवट भाग एकाच वाट्यात आलेले असतात, चिवट शिजेपर्यंत मऊ भागाच्या चिंध्या होतात. मंद आचेत तीच मिनिटे तासाएवढी ताणली जातात. पाऊण तास इकडेतिकडे झाला तरी नळी नळीच राहते. भांडे चुका माफ करते, आणि कधीमधी स्वयंपाक करणाऱ्याला माफीच लागते.

पण ही माफी प्रत्येक मांसाला नको असते, आणि हौशी स्वयंपाकी चुकतो तो इथेच. आपल्याकडे सकाळी कापलेले आणि दुपारी खाल्लेले बोकडाचे मटण हेच मटण. उस्मानाबादी जातीचे तरुण बोकड असेल तर त्याच्या रानात, चापेत आठ तास विरघळवण्याजोगे कोलॅजन असतेच कुठे? ते मांस या भांड्यात घालणे म्हणजे त्याची शिक्षा आहे. कलेजीला तर त्याच्या जवळही नेऊ नये. ती तव्यावरची, पाच-सात मिनिटांची गोष्ट. कोंबडी, तीही ब्रॉयलर, तीन तासांत कापसासारखी पिंजून निघते. गर्दन, नळी, पाया, मुंडी, आणि एखादी वयस्क मेंढी किंवा बोकड, एवढेच या भांड्याचे राज्य. वहिनी, रविवारचे मटण तुमच्या कुकरमध्येच राहू द्या. माझा दावा त्या मटणावर नाही. दुकानदार ज्या तुकड्यांबद्दल 'हे टाकू का काढू' असे विचारतो, त्या तुकड्यांवर आहे.

वहिनी : तुकडे कुठलेही घ्या, पण चवीचं काय? त्या भांड्यातलं मटण मी कल्पनेनंही सांगू शकते. कांदा कच्चट वास मारणार, मसाला वर तरंगणार, रस्सा पाणचट आणि रंग आजारी माणसासारखा. तर्री कुठंय? आमच्याकडं ताटात आधी तर्री बघतात, मग बोटी.

मी : पुस्तकात लिहिलेले 'सगळे एकदम घाला आणि झाकण लावा' हे जर कोणी तसेच्या तसे केले, तर तुम्ही सांगता तसेच होईल, अगदी आजारी माणसाच्या रंगापर्यंत. कारण काळ्या रश्शाची चव उकळण्यातून येतच नाही, भाजण्यातून येते. कांदा, सुके खोबरे, मांसाची वरची कड यांना जो खमंगपणा येतो तो प्रथिने आणि साखर कोरड्या तापात एकमेकांशी भिडल्यावर. लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही क्रिया वर्णन केली. ती जोमाने चालायला शंभर अंशांच्या बरेच पुढे जावे लागते, आणि पाणी असेपर्यंत तिथे पोचता येत नाही. मटण आधी परतल्याने रस 'कोंडला' जातो, ही एकोणिसाव्या शतकातल्या लिबिगची कल्पना मात्र पुढे खोटी ठरली. परतायचे ते चवीसाठी. म्हणजे स्लो कुकरने आपल्या मसाल्याची पहिली पायरी गाळता येत नाही. कांदा विस्तवावर किंवा तव्यावर काळपट होईतो भाजायचा, खोबरे भाजायचे, तेलात वाटण सुटेपर्यंत परतायचे, त्यात मटण घोळायचे आणि मगच ते भांड्यात उलटायचे. ही पाऊण तासाची मेहनत आहे. ती कोणी नाकारली की समजावे, त्याला मटण नको आहे, खेळणे हवे आहे.

पाणचटपणाचे कारण वेगळे. पातेल्यातून वाफ उडते, कुकरमधूनही थोडी जाते, पण या भांड्याच्या काचेवर जमलेले पाणी पुन्हा आतच गळते. तुमच्या ताटातल्या पाण्याचीच ही युक्ती, इथे ताट कोणी चढवलेले नाही एवढेच. म्हणून नेहमीच्या रश्शाच्या निम्मेच पाणी घालायचे. आणि घट्टपणासाठी मराठवाड्याने आधीच सोय करून ठेवली आहे: येसर. भाजलेले धान्य, डाळ आणि मसाला यांचे ते पीठ शेवटच्या अर्ध्या तासात पाण्यात कालवून सोडले, की रस्सा अंगाबरोबर येतो. काळा मसालाही तेव्हाच. दगडफूल, लवंग, दालचिनी यांचा सुगंध आठ तास कोंडून ठेवला तर मंद पडतो आणि कडवटपणा मागे राहतो. तर्री तर आपोआप येते. नळीतली चरबी इतक्या वेळात पूर्ण सुटलेली असते; तिच्यात लाल तिखटाची चमचाभर फोडणी ओतली की ताटाकडे बघणाऱ्यांची तक्रार उरत नाही. मुलांसाठी अळणी पाणी काढायचे असेल तर ते मसाल्याआधी, आणि अळणीच्या बाबतीत मी कुकरवाल्या पक्षाला अजिबात जागा देत नाही. नळीचे न ढवळलेले, न खदखदलेले, निवळ अळणी पाणी या भांड्यात होते तसे इतर कुठे होत नाही. खदखद झाली की चरबीचे कण पाण्यात मिसळून ते गढूळ होते.

वहिनी : आणि लाईट? आठ तास सलग वीज असेल असं धरून चाललेलं तुमचं यंत्र. शहरात ठीक, पण परतूर-मंठ्याकडच्या गावात पावसाळ्यात दोन थेंब पडले की तार तुटते. अर्धं शिजलेलं मटण घेऊन बसायचं का रात्री?

मी : हा तुमचा सगळ्यांत भक्कम आक्षेप, आणि त्याला मंद आचेचे गोडवे गाऊन उत्तर देता येत नाही. वीज जाणे दिसते तरी. त्याहून वाईट ते न दिसणारे: कमी दाबाची वीज. तापवणाऱ्या तारेची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. घरात २३० ऐवजी १८० व्होल्ट येत असतील तर दोनशे वॉटचे भांडे एकशेबावीस वॉटचे उरते. दिवा लागलेला दिसतो, बटण 'लो' वर असते, आणि आत मांस कोमट पाण्यात पडून राहते. पाच ते साठ अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. त्यातून मांस झपाट्याने वर जायला हवे, तिथे रेंगाळता कामा नये. म्हणून ज्या घरात पंखा संध्याकाळी दमल्यासारखा फिरतो, त्या घराने हे भांडे घेऊ नये. हा माझा स्पष्ट निकाल आहे, आणि त्यात जिल्ह्यातली बरीच गावे येतात हेही मला माहीत आहे.

जिथे दाब ठीक आहे तिथेही काही पथ्ये आहेत. फ्रीजरमधले गोठलेले मटण थेट घालायचे नाही. पाणी गार घालायचे नाही, उकळते आधण घालायचे, पहिला तास 'हाय' वर काढायचा. सारखे झाकण उघडून बघायचे नाही, कारण दर वेळी गेलेली वाफ भरून यायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. मध्ये वीज गेली आणि किती वेळ गेली होती ते कळायला मार्ग नाही, तर ते मटण खायचे नाही. वीज गेल्याचे लवकर कळले तर ते सरळ गॅसवर चढवून पुरे करायचे. आणि राजमा यात कच्चा कधीच घालू नये. नॅक्सन यांच्या यंत्राचे पहिले व्यापारी नावच 'बीनरी' होते, कडधान्यांचे भांडे. पण राजम्यातला विषारी अंश खळखळत्या उकळीनेच जातो, अर्धवट तापात तो उरतो. आधी दहा मिनिटे खळखळून उकळावा, मग हवे ते करावे. हे मटणाच्या लेखात का, असे कोणी विचारेल. ज्याला भांडे आवडते तो पुढच्या रविवारी त्यात राजमा घालतोच, म्हणून.

वहिनी : आता माझं शेवटचं. तुम्ही म्हणता भट्टीवाला रात्रभर जागायचा, आता जागायला नको. पण पाया घरात आला की तो खरवडणार कोण? केस जाळायचे, खुराच्या खाचा साफ करायच्या, दोन-तीन पाण्यांतून काढायचं. कांदा-खोबरं भाजणार कोण? ते जड भांडं घासणार कोण? गार पाण्याखाली धरलं की तडकतं म्हणे, म्हणजे त्याची मर्जीपण राखायची. बटण फिरवायचं तेवढं भाऊजींचं, आणि 'आज मटण मी केलं' हे सांगायचंपण भाऊजींनीच. वेळ वाचतो म्हणता, तो कुणाचा?

मी : सगळ्या वादात हाच एक प्रश्न खरा होता, बाकीचे आपण त्याच्याभोवती फिरत होतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या दिवसाचा हिशेब मांडला. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया शेकड्याला ८१, पुरुष २६. आणि जे करत होते त्यांच्यात बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषाची ९७. या आकड्यांपुढे 'हळू शिजवा, हळू जगा' हा शहाणपणा विकणे मला निलाजरेपणा वाटतो. जिची पाच तास आधीच सुटका नाही, तिला आणखी आठ तासांच्या आचेचे कौतुक कोणी सांगावे? कुकर जिंकला तो याच कारणाने. चवीच्या परीक्षेत त्याला कोणी बसवलेच नव्हते.

पण म्हणूनच मंद आच आणि तिची राखण या दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात. आजवर त्या वेगळ्या होत नव्हत्या. भट्टीवर राखण करणाऱ्याला मजुरी मिळत होती, घरात ती फुकट होती. म्हणून घराने शहाणपणाने मंद आचच टाकून दिली आणि नळी-पाया हॉटेलवर सोडून दिला. या भांड्याने बाजूला काढली ती फक्त राखण. त्याची खरी कमाई झोप आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळईच्या गिरण्या पाळ्यांत चालतात. रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी येतो, मुले दुपारी शाळेतून, दोघांना वेगवेगळ्या वेळी ऊन ऊन जेवण लागते. तिथे 'वॉर्म' वर साठ अंशांच्या वर तापत राहिलेले भांडे कोणाला तरी दुसऱ्यांदा गॅसजवळ उभे राहण्यापासून सोडवते. सोडवलेल्या त्या वेळावर हक्क कोणाचा, हे भांडे ठरवत नाही. ते माणसांनी ठरवायचे, आणि माझे मत सरळ आहे: ज्याने भांडे आणले त्याने पाया खरवडावा, त्याने कांदा भाजावा, त्याने भांडे गार होऊ देऊन घासावे. यातले एकही काम अवघड नाही, आणि शिकायला आठवड्यातला एक दिवस पुरतो. जो हे करणार नाही त्याने पाया हॉटेलात जाऊन खावा, तिथे तो चांगलाच मिळतो.

वहिनी : हे लिहून द्या.

मी : दिले. शनिवारी संध्याकाळी पाया आणायचा, त्याच रात्री साफ करायचा, मसाला भाजायचा, आधण घालून अकराला बटण फिरवायचे. रविवारी सकाळी नऊला तो हाडापासून सुटलेला असतो. मटणाच्या दुकानापुढे बोकडाची रांग तेव्हा नुकती लागत असते.